निळी रेघ, दोन वीत खाली

नगरपालिकेत सव्वीस वर्षं रंगारी म्हणून काढलेल्या या माणसाला सरळ रेघ मारायला पट्टी लागत नसे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे असोत, शाळेचा फळा असो, नाहीतर 'इथे गाडी लावू नये'ची पाटी असो, गडी श्वास रोखून ब्रश टेकवायचा तो थेट दुसऱ्या टोकाला जाऊनच उचलायचा. घरी बायकोला मात्र त्याचा जाच होता. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललं तरी हा जेवता जेवता उठायचा. "अहो, ते काय पळून जातंय का? गिळा आधी," असं ती ओरडायची, आणि हा उष्ट्या हाताने का होईना, कॅलेंडर सरळ करूनच पुन्हा पानावर बसायचा. अशा माणसाच्या हातून जे झालं ते झालं. त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि चांगला म्हणायलाही रेटत नाही.

नदीकाठच्या गल्लीत एकदा गुडघाभर पाणी शिरून गेलं, तेव्हापासून ही गोष्ट सुरू होते. पाणी ओसरल्यावर नगरपालिकेच्या सभागृहात मोठी बैठक झाली. इंजिनियर बाई नव्या होत्या, वयाने लहान, पण बोलायला पक्क्या. त्यांनी नकाशा लावला आणि सरळ सांगितलं, की हवामान आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जो पाऊस दोन महिन्यांत पडायचा तो दोन दिवसांत पडणार. या वेळी गुडघ्याला लागलं ते उद्या खांद्याला लागेल. मागून कोणीतरी म्हणालं, "मग नदीला भिंत घाला की!" बाई म्हणाल्या, "भिंत होईल तेव्हा होईल. तोवर निदान प्रत्येकाला माहीत तरी पाहिजे, की आपल्या घरात पाणी कुठवर येणार."

म्हणून ठरलं ते असं. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर निळी रेघ मारायची. पाणी आलंच तर इथवर येईल, एवढाच तिचा अर्थ. सोबत घरोघर एक पत्रक, आणि नगरपालिकेकडे अख्ख्या गल्लीसाठी एक रबरी बोट आणि एक नोंदवही. कोणत्या घरात कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे रेघेच्या वर थांबायला जागा आहे, हे सगळं त्या वहीत. पत्रकात एक वाक्य ठळक छापलं होतं: ज्यांची रेघेच्या वर थांबायची सोय आहे, त्यांनी बोटीत आधी शेजाऱ्यांना जाऊ द्यावं.

रेघा मारायचं काम अर्थातच आपल्या रंगाऱ्याकडे आलं. कोपऱ्यावरच्या खांबावर इंजिनियर बाईंनी खूण करून दिली आणि तिथून पुढे त्याने लेव्हलच्या नळीने ती खूण घरोघर नेली. नळी म्हणजे काय, साधी पारदर्शक रबरी नळी, पाण्याने भरलेली. एका टोकाचं पाणी खुणेला लावायचं, दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबेल तीच उंची. दुसरं टोक धरायला नगरपालिकेचा नळदुरुस्तीवाला होता. तो रंगाऱ्याचा जुना मित्र, आणि अखंड बडबड्या. गल्ली उताराची, त्यामुळे वरच्या अंगाला रेघ घोट्याशी यायची, मध्ये कमरेला, आणि खाली जाल तशी वर वर चढायची. लोक काय, हसायचे. कोणी रेघेवर खिळे ठोकून पंचे वाळत घातले, कोणी तिच्याखाली खडूने मासे काढले. एक म्हातारा तर म्हणाला, "घराला करगोटा बांधलात की हो!" रंगारीही हसायचा. पण रेघ कुठे सुताभर हलू द्यायचा नाही.

गल्ली जिथे वळते तिथे, सगळ्यात खाली, एकटंच एक घर होतं. ते त्याच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं या अक्कानेच केलं होतं. नवरा वारल्यापासून ती एकटी होती आणि आता घर विकून लेकीकडे राहायला निघाली होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, कागद व्हायचे तेवढे बाकी होते.

त्या दुपारी नळदुरुस्तीवाल्याला फुटलेल्या नळासाठी बोलावणं आलं आणि तो निघून गेला. मग नळीचं दुसरं टोक अक्कानेच धरलं. पाणी नळीत हललं, डोललं, थांबलं. रंगाऱ्याने पेन्सिलीने खूण केली. खूण त्याच्या छातीच्या वर आली, जवळजवळ खांद्याला.

अक्का खुणेकडे बघत राहिली. "एवढी वर?"

"पाणी सांगतंय अक्का, मी नाही."

"अरे, पण दारातच एवढी वर रेघ बघितली तर कोण पाऊल टाकेल घरात? घर घेणारी बाई परवा पुन्हा बघायला येणार आहे. गिऱ्हाईक पळालं तर मी काय आयुष्यभर इथेच कुजू?"

"रेघ हलवता कशी येईल? मापाचं काम आहे."

"दोन वीत खाली घे. घर कोपऱ्यात आहे, कोणाला कळतंय? आणि पाणी येणार तरी कधी, ते त्या इंजिनियर बाईंना तरी माहीत आहे का?" मग तिने ते वाक्य म्हटलं, जे तिने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. "तुझ्याकडे कधी काही मागितलं का रे मी?"

त्याने नळी गुंडाळून ठेवली, पेन्सिलीची खूण ओल्या फडक्याने पुसली, आणि दोन वीत मोजून खाली नवी खूण केली. मग ब्रश बुडवला. रेघ अशी सरळ आली की काय सांगू. वहीत त्याने उंबरठ्यापासूनची उंची लिहिली, तीही रेघेला जुळणारीच. महिनाअखेरीला इंजिनियर बाईंनी दीडएकशे नोंदींवर सह्या केल्या. चार-पाच घरं तपासली, ती बिनचूक निघाली, आणि हसून म्हणाल्या, "तुमचा हात असताना मी कशाला उन्हात फिरू?" त्या रात्री रंगारी पोटभर जेवला नाही. बायकोला वाटलं, ऊन लागलं.

घर घेतलं ती शिवणकाम करणारी बाई होती. नवरा नाही, मूलबाळ नाही. अंथरुणाला खिळलेले वडील आणि एक शिलाई मशीन एवढाच संसार. आणि दैव बघा, अख्ख्या गल्लीत नगरपालिकेचं पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली ही एकटीच! बाकीच्यांनी त्यात भाजी बांधली, हिने ते भिंतीला चिकटवलं. राहायला आल्या आल्या गवंड्याला बोलावलं आणि वडिलांच्या खाटेसाठी आतल्या खोलीत ओटा बांधायचं ठरवलं. रेघेच्या वर चार बोटं. आणि मग ती नगरपालिकेत येऊन रंगाऱ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, रेघ तुम्हीच मारलीत ना? तेवढी घरात आतल्या भिंतीवर घेऊन द्याल का? गवंडी अंदाजाने सांगतो, मला अंदाज नको."

नाही कसं म्हणणार? तो नळी घेऊन गेला. या वेळी दुसरं टोक तिने धरलं, बाहेर, त्याच रेघेला लावून. हा आतल्या खोलीत भिंतीशी उकिडवा बसला. खाटेवरून म्हातारे त्याच्याकडे टकमक बघत होते. नळीतलं पाणी डोललं, थांबलं. खोट्या रेघेची खरी उंची त्या नळीने अगदी इमानाने दाखवली. रंगाऱ्याने तिथे पेन्सिल टेकवली, पण खूण केली नाही.

"ताई," तो खिडकीतून म्हणाला, "ओटा अजून दोन वीत वर घ्या. माझं ऐका."

ती आत आली. "का हो? रेघ चुकलीय का?"

बोलायची हीच वेळ होती. दोन शब्द, 'हो, चुकलीय'. फार तर नोकरीवर गदा आली असती, अक्का तोंड फुगवून बसली असती. पण याने ते दोन शब्द गिळले. "नाही, रेघ बरोबर आहे. पण आपलं असावं जरा जास्त."

"अहो, मग ओटा माझ्या खांद्याला येईल. बाबांना दिवसातून चार वेळा कुशीवर वळवावं लागतं, पुसावं लागतं. एवढ्या उंच मला हात पोहोचेल का? चढून करायला मी काय माकड आहे?" ती हसली. म्हातारेही हसले. "रेघ बरोबर आहे म्हणता ना? मग चार बोटं पुष्कळ झाली."

ओटा बांधला गेला. इंजिनियर बाईंना तो इतका आवडला की त्यांनी येऊन फोटो काढला आणि वहीत त्या घरापुढे लिहिलं: रेघेच्या वर सोय आहे. पुढे दोन वर्षं रंगारी त्या गल्लीत कामाशिवाय गेला नाही. गेलाच तर वळणाच्या अलीकडूनच परत फिरायचा. कामावर नेहमीसारखा हसायचा-बोलायचा, पण आभाळ भरून आलं की ताट सरकवून दाराशी जाऊन उभा राहायचा. बायको म्हणायची, "पावसाला काय लहान पोरासारखे घाबरता?" तो म्हणायचा, "पित्त झालंय."

तिसऱ्या वर्षी पाणी आलं. दोन दिवस वर डोंगरात पाऊस कोसळत होता, आणि सकाळी सातला नदी गल्लीत शिरली. खरं सांगायचं तर नगरपालिकेने काम चोख केलं. भोंगा वाजला, फोन गेले, बोट निघाली. बोट चालवायला अग्निशमन दलाचा माणूस होता, सोबत नळदुरुस्तीवाला आणि वॉकीटॉकी घेऊन आपला रंगारी. त्याने स्वतःहून नाव दिलं होतं. का, ते त्याचं त्याला माहीत.

बोट पहिल्यांदा वळणावरच न्यायला लावली त्याने. पाणी तेव्हा मांडीपर्यंत होतं. शिवणकामवाली खिडकीत उभी होती, पदर खोचलेला, चेहरा शांत.

"ताई, चला. बाबांना उचलून घेतो आम्ही."

"आमचं काय एवढं? आम्ही रेघेच्या वर आहोत. त्या वळणाअलीकडच्या घरी बाळंतीण आहे, दहा दिवसांचं पोर आहे. तिला न्या आधी. तिच्याकडे ओटाही नाही."

"अहो ताई, ऐका जरा, चला..."

"भाऊ, पत्रकात तसंच लिहिलंय ना?"

नळदुरुस्तीवाला म्हणाला, "बरोबर बोलतायत त्या. चल, उशीर नको." बोटीत जागा तिघांची होती. बाळंतीण, तिची सासू आणि पोर बसलं, आणि बोट वळली. रंगारी मागे वळून बघत राहिला. 'परत येऊ, लगेच येऊ,' असं तो पुटपुटत होता. कोणाला, देव जाणे.

लगेच कुठलं! पाणी वाढलं, वळणावर ओढ लागली, आणि ऑफिसात नोंदवही घेऊन बसलेले लोक एकामागून एक घरं सांगू लागले. रंगाऱ्याने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "वळणावरच्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहेत. तिकडे जातो."

पलीकडून इंजिनियर बाईंचा आवाज आला. "त्यांची नोंद रेघेच्या वर आहे. त्यांना धोका नाही. आधी मधल्या चाळीतले सहा जण, ते रेघेच्या खाली आहेत. काही वेगळं आहे का तिथे? ओव्हर."

त्याने पुन्हा बटण दाबलं. बोटीतले दोघे त्याच्या तोंडाकडे बघत होते. नळदुरुस्तीवाला, वीस वर्षांचा मित्र, बघत होता. बटण दाबलेलंच राहिलं आणि तोंडातून आवाज फुटला नाही. मग अंगठा सुटला. काय हा माणूस! माझा तर संताप होतो इथे. जिभेला काय कुलूप लागलं होतं? पण लागलं होतं खरं. त्याला वाटत होतं, पाणी तेवढं वर येणारच नाही. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं.

पाणी आलं. अकराच्या सुमाराला ओट्यावर चढलं. बोट पुन्हा वळणावर पोहोचली तेव्हा चार वाजत आले होते. खिडकी फोडून रंगारी आत शिरला. गादी तरंगून कोपऱ्यात अडकली होती. ओट्यावर ती बसली होती, पाण्यात, भिंतीला पाठ लावून, आणि वडिलांना पुढ्यात धरून बसतं ठेवलं होतं. म्हाताऱ्यांच्या छातीपर्यंत पाणी. पाच तास ती तशी बसून होती. तिचे हात सोडवायला दोघांना जोर लावावा लागला.

म्हातारे तेव्हा जिवंत होते. बोटीत त्यांनी पाणीही मागितलं. पण गारठा छातीत भरला तो निघालाच नाही. नवव्या दिवशी दवाखान्यातच वारले.

इकडे नगरपालिकेत आनंदीआनंद होता, आणि तो चुकीचा होता असंही म्हणता येणार नाही. अख्ख्या गल्लीत एवढं पाणी येऊन गेलं आणि बुडून एकही माणूस गेला नाही. भिंतींवर चिखलाची खूण राहिली होती, ती घरोघर निळ्या रेघेला येऊन टेकली होती. हिशोब बोटभरही चुकला नव्हता. ज्यांनी मासे काढले होते तेच आता रेघेला हात लावून बघत होते. फक्त वळणावरच्या घरी चिखल रेघेच्या दोन वीत वर होता. इंजिनियर बाईंनी तिथे टेप लावून पुन्हा पुन्हा मोजलं. "घर खचलं असेल का हो?" त्यांनी रंगाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "असेल."

म्हातारे गेल्यावर आठवड्याने एका संध्याकाळी तो अक्काकडे गेला, तिच्या लेकीच्या घरी. सगळं ओकून टाकलं. अक्का मग रडत म्हणाली, "मेल्या, नाही म्हणायचं होतंस मला! मी काय केलं असतं? चिडले असते. चार दिवस बोलले नसते तुझ्याशी. एवढंच ना?"

एवढंच. घरी जाताना तो रस्त्यात दोनदा थांबला, बंद दुकानाच्या पायरीवर बसला, पुन्हा उठला. एवढ्याशा रागाला घाबरलो, हे त्याला सहन होत नव्हतं. गुन्हेगाराला निदान मोठं काहीतरी भय असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वळणावरच्या घरी गेला. दार उघडं होतं. शिवणकामवाली जमिनीवर बसून मशीनचे सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवून पुसत होती. त्याला बघून तिने पाट सरकवला.

"बसा भाऊ. तुम्ही आलात ते बरं झालं. मला तुमची माफी मागायची होती."

"माझी?"

"तुम्ही सांगत होतात ना, दोन वीत वर घ्या म्हणून. मी ऐकलं नाही. उलट चेष्टा केली. रोज रात्री तेच आठवतं बघा. एवढा जाणता माणूस घरी येऊन सांगतोय, आणि मला आपली माझ्या हाताची सोय. बाबांना मीच मारलं म्हणायचं."

रंगारी पाटावर बसला नाही. तो उभाच राहिला आणि भिंतीकडे बघत त्याने सांगितलं. अक्काने काय म्हटलं, खूण कुठे होती, कशी पुसली, किती खाली घेतली. ओट्याच्या वेळी 'दोन वीत वर' का म्हटलं आणि खरं का सांगितलं नाही. वॉकीटॉकीचंही सांगितलं. काही म्हणता काही लपवलं नाही. "इथून नगरपालिकेतच जातोय," तो म्हणाला. "बाईंना लिहून देणार आहे सगळं. ताई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सगळं बरोबर केलंत. तुमचं माप पाण्याला बरोबर जुळलं असतं, मी मधे नसतो तर."

ती हातातला भाग पुसतच होती. पुसून झाला तो बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. रंगाऱ्याला वाटलं, आता ओरडेल, अंगावर काहीतरी फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

"पाच तास," ती शेवटी म्हणाली. "पाच तास मी त्यांना धरून बसले होते. त्यांचे दात वाजत होते. आणि मी त्यांच्या कानात एकच म्हणत होते, बाबा, माझं चुकलं. मोजायला चुकले मी. मला माफ करा. दवाखान्यातही तेच म्हणत होते. जायच्या आधी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जा, केलं माफ." तिने वर बघितलं. "माझं चुकलंच नव्हतं, भाऊ. आणि ते मला माफ करून गेले. आता त्यांना कोण सांगणार?"

 ती पुन्हा खाली बघून मशीनचा भाग पुसू लागली, आणि म्हणाली, "जा तुम्ही. ऑफिस उघडलं असेल."